ब्लँकेटच्या सह्या

बुआखायताई आमच्या गावप्रमुखाची मदतनीस होती, नऊ वर्षं. बान नोनतानमध्ये कुणाचं म्हातारपणाचं अनुदान अडलं, कुणाच्या गल्लीत डासांचा धूर मारायचा राहिला, कुणाच्या मुलाला सैन्यभरतीच्या सोडतीचं बोलावणं आलं, की पहिली हाक तिलाच जायची. सोमवारी ती खाकी गणवेश चढवायची, खांद्यावरच्या पट्ट्या सारख्या करायची आणि तालुक्याला निघण्याआधी माझ्याकडे थांबायची. मी चिंचेखाली कच्च्या पपईची कोशिंबीर कुटून विकते.

"दुआन, मिरच्या तीनच घाल," ती म्हणायची. "साहेबांसमोर नाक गळायला लागलं तर गणवेशाची अब्रू जाते."

तो गणवेश तिनं कशासाठी घेतला होता हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलत कुणी नव्हतं. तिचा नवरा थोंगदाम लाल शर्टवाला, म्हणजे सरकारविरोधी आंदोलनातला. आंदोलन पेटलं त्या साली आमच्या भागातून पिकअप भरभरून माणसं बँकॉकला गेली, त्यात तो होता. आंदोलकांवर झालेल्या गोळीबारानंतर परत आला तो वेगळाच माणूस. पुढे लष्करानं सत्ता घेतली तेव्हा दोन सैनिक त्याच्या घरी आले, ओट्यावर बसले, पाणी प्यायले, त्याचा फोटो काढला आणि "काका, तब्येत सांभाळा" म्हणून गेले. पुढच्या महिन्यात परत आले. त्याच्या पुढच्या महिन्यात परत. वर्षभरात थोंगदाम यकृतानं गेला. गावप्रमुख बुनलियांग त्याचा धाकटा चुलतभाऊ. तो म्हणाला, "वहिनी, माझी मदतनीस हो. सरकारी कपडे अंगावर असले की सरकार ओट्यावर येऊन बसत नाही." तिनं ऐकलं. आणि खरंच, त्यानंतर कुणी आलं नाही.

जानेवारीत थंडी पडली तेव्हा भोंग्यावरून तिचाच आवाज आला. "आजीआजोबांनो, भावाबहिणींनो, आज नऊ वाजता विहाराच्या मंडपात ब्लँकेट वाटप आहे. घरटी एक ब्लँकेट आणि अंड्यांचा एक ट्रे. ओळखपत्र आणा. उशिरा येणाऱ्याला फुटकी अंडी मिळतील, मग माझ्या नावानं ओरडायचं नाही."

आम्ही गेलो. रांगेत हसलो, खिदळलो. ब्लँकेट निळं होतं, बऱ्यापैकी जाड. टेबलावर कागद होते, त्यावर आकडा, नाव, घर क्रमांक आणि सहीची जागा आखलेली. वरचा चार बोटं भाग कोरा होता. मला आठवतं, मी विचारलं होतं, "ताई, वर काही लिहिलेलं नाही?" ती म्हणाली, "बुनलियांगच्या प्रिंटरची शाई संपलीय. मथळा मागून छापणार आहेत. तू सही कर आणि सरक, मागे आजी ताटकळल्यात." मी सही केली आणि सरकले.

तिची आई, पेंग आजी, चौऱ्याऐंशी वर्षांची. खुबा मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेली. तिच्यासाठी बुआखायताई कागद घरी घेऊन गेली. आईचा अंगठा धरून शाईच्या पॅडवर टेकवला, मग कागदावर टेकवला, आणि ब्लँकेट तिच्या पायांवर घातलं. नऊ राय, म्हणजे साडेतीन एकर, भातखाचर अजून पेंग आजीच्या नावावर आहे, म्हणून घराच्या वतीनं तिचीच सही लागणार होती.

संध्याकाळपर्यंत एकशे चौसष्ट सह्या झाल्या. शेवटच्या पानाच्या तळाशी ताईनं लिहिलं, "यादी बरोबर आहे," आणि स्वतःचं नाव घातलं.

मे महिन्यात प्राचाक गुरुजी माझ्याकडे आले. गुरुजी शेजारच्या गावचे, निवृत्त झालेले, पण वर्ग सुटल्यासारखे कधी वागले नाहीत. दोन वर्षांपासून आमच्या जमिनीखालचं खतासाठीचं पोटॅश काढायला एक कंपनी फिरत होती. आमच्याकडे जमिनीखाली मीठच मीठ आहे. ते वर आलं की भात मरतो, विहिरी खारट होतात. गुरुजी या खाणीच्या मागे हात धुऊन लागले होते. माहितीच्या कायद्याखाली त्यांनी तालुका कचेरीतून फाइलची झेरॉक्स मिळवली होती. बुआखायताई तेव्हा माझ्याकडेच बसून कोशिंबीर खात होती, गणवेशात.

गुरुजींनी पानं टेबलावर पसरली. "बघा, तुमच्या गावाची पहिली जाहीर सुनावणी झाली म्हणे. कधी झाली?"

"कसली सुनावणी?" मी हात पुसत म्हटलं.

पानाच्या वरच्या भागात सुबक छापलं होतं: पोटॅश खाण प्रकल्प, पहिली जाहीर सुनावणी, विहाराचा मंडप, बान नोनतान. उपस्थित व सहमत ग्रामस्थांची यादी. तारीख ब्लँकेटवाली. खाली आमची नावं. सदतिसाव्या ओळीत माझी सही, शेवटचं अक्षर नेहमीसारखं भलतीकडे गेलेलं. मला एकदम कुणी भर रस्त्यात अंगावरचं कापड खेचल्यासारखं झालं.

ताईनं एक एक पान उलटलं. चौथ्या पानावर ती थांबली. तिथे तिच्या आईचा अंगठा होता, झेरॉक्समध्ये काळा ठिपका झालेला. मग तिनं शेवटचं पान काढलं, स्वतःची सही पाहिली. ताटलीतलं आंबवलेल्या माशाचं पाणी तिच्या बाहीला लागलं होतं. ती पुसायलाही विसरली. उठली आणि चालायला लागली. तिची मोटरसायकल माझ्या चिंचेखालीच राहिली.

"तिला माहीत होतं?" गुरुजींनी विचारलं.

"तिला माहीत असतं तर आईचा अंगठा घेतला असता का?" मी म्हटलं. पण खरं सांगायचं तर तो प्रश्न माझ्याही डोक्यात आला होता, आणि त्याची मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला घेऊन बुनलियांगकडे गेली. म्हणाली, "एकटी गेले तर माझ्या तोंडून काय निघेल याचा भरवसा नाही." बुनलियांग अंगणात झुंजीच्या कोंबड्यांना चारा टाकत होता. बांबूच्या टोपल्यांखाली चार कोंबडे, प्रत्येकाचं नाव वेगळं, आणि त्यांच्याशी तो जितक्या मायेनं बोलतो तितका बायकोशी बोलत नाही.

"भावोजी, ही सुनावणी कधी झाली?" ताईनं झेरॉक्स पुढे केली.

त्यानं कागदाकडे पाहिलं, मग कोंबड्याकडे. "वहिनी, मी कागद वर पाठवला. वर गेल्यावर त्याला काय जोडतात, काय छापतात, ते मला कोण सांगतं?"

"प्रिंटरची शाई संपली होती ना?"

"संपली होती. सगळ्यांचीच संपते."

"गावाला सांग मग. लिहून दे, की ही सुनावणी झालीच नाही."

आता तो सरळ उभा राहिला. आवाज मात्र चढवला नाही. "मी लिहून द्यायचं? या कागदावर माझी सही दाखव बरं. कुठे आहे? यादी बरोबर आहे असं कुणी लिहिलंय? भोंग्यावर कोण ओरडलं? आईचा अंगठा कुणी घेतला?" तो जवळ आला. "वहिनी, खोटा कागद करणं हा फौजदारी गुन्हा आहे. ज्याची सही, तो आरोपी. मी तुझ्या भल्याचं सांगतोय. थोंगदाम गेला तेव्हापासून तुझ्या ओट्यावर कुणाला येऊ दिलं नाही मी. आता तूच त्यांना बोलावणार का?"

परतताना तिनं रस्त्यात तीनदा चप्पल काढून घातली. खडा आहे म्हणाली. खडा नव्हता.

त्यानंतरचे आठ-दहा दिवस ती एका जागी बसलीच नाही. माझ्याकडे यायची, पपई किसायला घ्यायची, अर्धी किसून खाली ठेवायची, समोरचा रस्ता झाडायची, तो झाडून झालेला असायचा तरी झाडायची. मोटरसायकल सुरू करायची, वळणापर्यंत जायची, परत यायची. जेवायला बसली की चिकट भाताचा गोळा हातात घेऊन मळत राहायची, तोंडात जायचाच नाही. रायोंगच्या कारखान्यातून तिच्या मुलीचा फोन आला. फोन टेबलावर मोठ्यानं लागला होता म्हणून मीही ऐकलं. "आई, तुला काय पडलंय? सगळ्यांनी सह्या केल्या, सगळे गप्प बसलेत. बाबांचं काय झालं विसरलीस का?" ताई म्हणाली, "विसरले नाही गं. म्हणून तर गणवेश घातला." आणि फोन ठेवून दिला.

गावात तोवर बातमी फुटली होती. गावातल्या लाइन ॲपच्या ग्रुपवर रोज सकाळी फुलांची चित्रं येतात, तिथे आता ब्लँकेटचे फोटो यायला लागले. कुणी लिहिलं, "किती उबदार आहे, नऊ राय जमीन पांघरल्यासारखं वाटतं." बाजारात एका बाईनं ताईच्या पिशवीत अंडं ठेवलं आणि म्हणाली, "घे, तुझं तुला परत. बाकीची एकोणतीस खाल्ली, ती उद्या देते." सगळे हसले. ताईनं अंडं घेतलं, हात जोडले आणि निघून आली. माझ्या टेबलावर ते ठेवून म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. मी त्यांच्या जागी असते तर अख्खा ट्रे डोक्यावर फोडला असता."

मग एके दुपारी पेंग आजीनंच विषय काढला. मी तिच्यासाठी बिनमिरचीची कोशिंबीर घेऊन गेले होते. आजीला चालता येत नसलं तरी कान शाबूत आहेत, आणि तिच्या खिडकीखालून अख्खं गाव बोलत जातं.

"बुआखाय, इकडे ये," ती म्हणाली. "माझा अंगठा कुठे गेलाय?"

ताईनं उगाच मच्छरदाणी नीट केल्यासारखं केलं. "कुठे जाणार? तुझ्या हाताला आहे."

"मस्करी करू नकोस. लोक म्हणतायत मी खाणीला हो म्हटलंय. मी कधी हो म्हटलं? मी तर ब्लँकेटलाही हो म्हटलं नव्हतं. मला उकडतं."

तेव्हा ताई खाली बसली आणि तिनं आईला सगळं सांगितलं. कोरा कागद, छापलेला मथळा, बुनलियांग, फौजदारी गुन्हा. सांगताना तिचा आवाज शाळेत धडा म्हणून दाखवणाऱ्या मुलीसारखा झाला होता. आजी ऐकत होती. मग म्हणाली, "तुझ्या बापानं ती जमीन झाडं तोडून, मुळं उपटून केली. वाघ होते तेव्हा. मी भात शिजवून न्यायचे, वाटेत गाणं म्हणायचे, वाघाला कळावं म्हणून. आता तुला एका माणसाची भीती वाटते, ज्याचा शेंबूड मी त्याच्या लहानपणी पुसलाय?"

"त्याची नाही गं भीती वाटत."

"मग कुणाची?"

ताईनं दाराबाहेर ओट्याकडे पाहिलं. मलाही ठाऊक होतं आणि आजीलाही. ओट्यावर बसून पाणी पिणाऱ्यांची.

"ते आले तर मी आहे इथे पडलेली," आजी म्हणाली. "मी कुठे पळणार? मी बोलेन त्यांच्याशी."

शुक्रवारी सकाळी सहाला भोंगा सुरू झाला. नेहमीचं गाणं वाजलं, मग ताईचा आवाज. आधी तिनं नेहमीच्या सूचना दिल्या: डबक्यातलं पाणी काढा, कुत्र्यांना लस टोचून घ्या. मग थांबली. भोंग्यातून नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. मी पपई सोलत होते, माझा हात थांबला.

"आणखी एक," ती म्हणाली. "जानेवारीत मी तुमच्या सह्या घेतल्या. मी सांगितलं, ब्लँकेटसाठी आहेत. त्या सह्या खाणीच्या कागदाला लावल्या आहेत. मी वर कोरा असलेला कागद तुमच्यापुढे ठेवला, ही माझी चूक. मला ठाऊक नव्हतं, पण मी विचारायला हवं होतं. दुआननं विचारलं होतं, मी तिला सरक म्हटलं. सोमवारी दहा वाजता मी तालुका कचेरीत ही सुनावणी झाली नाही असं लिहून देणार आहे. ज्यांना यायचंय त्यांनी ओळखपत्र घेऊन—"

इथे भोंगा बंद पडला. बुनलियांगनं तार उपटली होती, पायजम्यावर धावत जाऊन, हे मागून कळलं. त्या क्षणी मात्र कुणाला काही कळेना. मग प्रत्येक घरातून एकच बडबड. माझ्या शेजारचा म्हातारा कुंपणाशी येऊन विचारू लागला, "ओळखपत्र घेऊन काय? ब्लँकेट परत द्यायचंय का? माझं तर कुत्र्यानं फाडलं."

सोमवारी दहाला तालुका कचेरीसमोर आम्ही अकरा जण होतो. ताईनं शंभर तरी येतील असं धरलं होतं. ती पुन्हा पुन्हा फाटकाकडे पाहत होती. गणवेश घातला नव्हता तिनं, कमरेला साधं सुती वस्त्र आणि पांढरा ब्लाऊज. ती कशी लहान दिसत होती. प्राचाक गुरुजी म्हणाले, "अकरा म्हणजे क्रिकेटचा संघ होतो, मी टीव्हीवर पाहिलंय." कुणी हसलं नाही, कारण आमच्याकडे क्रिकेट कुणी खेळत नाही.

आणि मग साडेदहाला एक पिकअप आली. मागे गादी, गादीवर पेंग आजी, डोक्यावर छत्री धरून बसलेली. तिच्या भाच्यानं उचलून आणलं होतं. तिच्या मागोमाग मोटरसायकली, मग भाजीची गाडी, मग आणखी एक पिकअप. म्हातारी गावातून जाताना दिसली तशी लोकांना घरात बसवेना. मोजायला मी गेले नाही, पण व्हरांडा भरला, पायऱ्या भरल्या. बाजारात अंडं देणारी बाईही होती. ती ताईकडे न बघता म्हणाली, "मी तुझ्यासाठी नाही आले. आजीसाठी आले."

उपतालुका अधिकारी तरुण होता, सभ्य होता. त्यानं आम्हाला पाणी दिलं, पंखा वळवून दिला. ताईचा अर्ज वाचला आणि घसा खाकरला. "मावशी, तुम्ही लिहिताय की यादी खोटी आहे. पण यादी तुम्हीच प्रमाणित केलीय. हा अर्ज मी घेतला तर अडकणार तुम्ही. विचार करा, घरी जा. मी हा पाहिलाच नाही असं समजतो."

"साहेब, तुम्ही पाहिलाय," ताई म्हणाली. तिनं अर्ज परत त्याच्याकडे सरकवला. "शिक्का मारा."

"मारतो, पण आधी पोलिसांत नोंद असेल तर बरं."

त्याला वाटलं असेल, पोलिसांचं नाव काढलं की बाई परत फिरेल. ती उठली आणि सरळ रस्ता ओलांडून पोलीस ठाण्यात गेली. आम्ही तिच्या मागे. नोंदवहीवरचा हवालदार गोंधळला.

"तक्रार कुणाची?"

"माझी."

"कुणाविरुद्ध?"

"ज्यांनी वर मथळा छापला त्यांच्याविरुद्ध. ते कोण, ते तुम्ही शोधा. आणि खाली सही केली तिच्याविरुद्ध."

"ती कोण?"

"मी."

त्यानं पेन खाली ठेवलं. "मावशी, फिर्यादी आणि आरोपी एकच माणूस चालत नाही."

"का नाही? मी इथेच बसलेय, तुम्हाला शोधायला जावं लागणार नाही."

मागे कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळेच हसले, हवालदारसुद्धा. पण नोंद झाली. दीड तास लागला. त्यानं ती मोठ्यानं वाचून दाखवली, ताईनं दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली. मग आम्ही परत कचेरीत गेलो आणि तरुण साहेबानं शिक्का मारला. आमचाही वेगळा कागद झाला, की आम्ही ब्लँकेटसाठी सही केली होती. पिकअपच्या मागे तो कागद पेंग आजीपुढे धरला तेव्हा ताईनं सवयीनं तिचा हात धरायला हात पुढे केला. आजीनं तो झटकला. "माझं मी करते," म्हणाली. अंगठा वाकडा उमटला, निम्मा रेघेबाहेर. तसाच राहू दिला.

पुढचं सगळं भराभर झालं आणि तरीही काहीच होत नाही असं वाटत राहिलं. आठवड्यात बुनलियांगनं ताईला मदतनीसपदावरून काढलं. पत्र हातात दिलं नाही, फाटकाला अडकवून गेला. जूनमध्ये कंपनीनं तिच्यावर बदनामीचा खटला भरला, भोंग्यावरच्या बोलण्यासाठी. एका दुपारी साध्या कपड्यातले दोघे आले आणि तिच्या ओट्यावर बसले. मी लांबून पाहिलं आणि मुसळ टाकून धावले. आत पोचले तर पेंग आजी खिडकीतून त्यांना आपल्या खुब्याची कहाणी सांगत होती, पडल्यापासून ऑपरेशनपर्यंत, मध्ये श्वासही न घेता. ताई त्यांच्यासमोर उभी होती, पाण्याचा ग्लास हातात, देऊ की नको अशा विचारात. शेवटी तिनं तो स्वतःच पिऊन टाकला. ते अर्ध्या तासानं उठले. फोटो काढला नाही. पुन्हा येणार नाहीत असंही म्हणाले नाहीत.

जुलैच्या शेवटी प्रांतातून पत्र आलं. जानेवारीची सुनावणी "कागदपत्रांतील त्रुटींमुळे" रद्द. खोटी होती असं कुठेच लिहिलं नव्हतं. मथळा कुणी छापला, ते तर नाहीच. नवी सुनावणी ऑगस्टमध्ये, तालुक्याच्या शाळेच्या सभागृहात, नऊ ते चार.

त्या दिवशी भात लावणी अर्धी टाकून लोक गेले. दारात पोलीस, धातू शोधणारी कमान, नावनोंदणीचं टेबल. पहिल्या चार रांगांत एकसारख्या पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं आधीच बसलेली, कुठल्या गावची ते त्यांनाही नीट सांगता येईना. कंपनीच्या माणसानं पडद्यावर चित्रं दाखवली, दीड तास. हिरवी शेतं, हसणारी मुलं. मग बोलणाऱ्यांची यादी सुरू झाली. ताईचा क्रमांक एक्केचाळीस होता. टोपीवाले आधी, एकामागून एक, प्रत्येकाच्या तोंडी तेच वाक्य: रोजगार येईल, विकास येईल. ताई खुर्चीच्या कडेवर बसून होती, रुमालाचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत. अडतिसाव्या क्रमांकापर्यंत चार वाजले.

अध्यक्ष म्हणाले, "वेळ संपली. उरलेल्यांनी लेखी द्यावं. सर्वांचे आभार."

टोपीवाले उठले, बस त्यांची वाट पाहत होती. आमच्यापैकी काही जणही सवयीनं उठले. मी ताईकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही ओरडणार. ती ओरडली नाही. खुर्चीवरून उतरून खाली फरशीवर बसली, मांडी घालून, विहारात बसतात तशी. मग अंडेवाली बाई बसली. मग मी. मग आमच्या गावचे, गुरुजींच्या गावचे, सगळे. कुणीतरी चिकट भाताची टोपली उघडली, कुणीतरी भाजलेली मिरची आणि सुका मासा काढला, आणि सभागृहात जेवण सुरू झालं. पोलिसांना काय करावं कळेना. जेवणाऱ्या म्हाताऱ्यांना उचलायचं कसं? एका पोलिसाला कुणी भाताचा घास पुढे केला. त्यानं इकडे तिकडे पाहून तो खाल्ला. त्याची आईही आमच्याच बाजूची असणार.

अध्यक्ष दोनदा फोनवर बोलत बाहेर गेले, दोनदा आत आले. साडेपाचला त्यांनी पुन्हा माइक चालू केला. "क्रमांक एकोणचाळीस," ते म्हणाले, दमलेल्या आवाजात.

ताईची पाळी आली तेव्हा खिडक्यांतून ऊन तिरकं आत आलं होतं. माइक तिच्या उंचीपेक्षा वर होता. ती तो खाली करू लागली, स्क्रू फिरेना, शेवटी टाचा उंच करून बोलली.

"मी बुआखाय. मी तुम्हाला खाणीबद्दल शिकवायला आले नाही, मला त्यातलं कळत नाही. मला शेत कळतं. माझी आई नको म्हणते, मी नको म्हणते. आणि आज इथे ज्यांनी दारात नाव लिहिलं, त्यांना मी विचारते, त्या कागदावर वर काय छापलं होतं ते वाचलंत का? मी आत येताना वाचलं. फक्त 'नावनोंदणी' लिहिलंय. अध्यक्षसाहेब, नोंदणी म्हणजे हो नव्हे, हे आत्ता, सगळ्यांसमोर, माइकवर बोला. मी थांबते."

ती थांबली. अध्यक्षांनी शेजारच्यांकडे पाहिलं. कुठेतरी टोपलीचं झाकण पडलं. 

"नोंदणी म्हणजे संमती नव्हे," अध्यक्ष म्हणाले. "इतिवृत्तात घ्या."

टाळ्या फार झाल्या नाहीत. आमचे हात भातानं चिकट होते.

याला दोन महिने झाले. खाणीची परवानगी मिळालेली नाही, नाकारलेलीही नाही. गुरुजी म्हणतात, नाकारणं असा प्रकारच नसतो, ते फक्त थांबतात, आपण दमायची वाट बघतात. मोठ्या रस्त्यापलीकडे एका उसाच्या फडात भोकं पाडायचं यंत्र आलंय, हिरव्या जाळीआड. ताई मोटरसायकलवर रोज एकदा तिथून जाऊन येते, जाळीतून दिसत काहीच नाही, तरी जाते. उरलेला वेळ माझ्याकडे पपई किसते. बरी किसते, पण धीर नाही, बोटं कापून घेते.

बदनामीच्या खटल्यात कंपनीच्या वकिलानं मध्यस्थीत सांगितलं, माफी मागा, आम्ही खटला मागे घेतो. ताईनं विचारलं, "कोणत्या वाक्याची?" वकील म्हणाला, एकूणच. ती म्हणाली, "एकूणची माफी मला मागता येत नाही. माझ्याकडून चुकलं ते वाक्य मी आधीच गावासमोर बोलले आहे." त्यामुळे आता साक्षी होणार. गुरुवारी सकाळी नऊला प्रांताच्या न्यायालयात पहिली तारीख आहे. दोन पिकअप ठरवल्या आहेत, आणि कालपासून तिसरीची गरज पडणार असं दिसतंय. बुनलियांगची बायको सकाळी येऊन हळूच विचारून गेली, मागे बसायला जागा आहे का म्हणून.